ओट्याची उंची

"चपात्या कोण लाटतं?" धोत्र्यांनी विचारलं.

वास्तविक प्रश्न विचारायला आलो होतो मी. माझ्या खिशात एकवीस प्रश्नांची यादी होती, फुलस्केप कागदावर, क्रमांक घालून. दगड कुठल्या खाणीचा, जाडी सगळीकडे सारखी आहे का, बेसिनचं भोक इथे पाडणार की घरी येऊन, कापताना तडा गेला तर जबाबदारी कुणाची. चपात्यांचा विषय त्यात कुठेही नव्हता.

"चपात्यांचा इथे काय संबंध?"

"मग ओटा कशाला करताय सर? दाढी करायला?"

सांगली-मिरज रस्त्यावर दगडवाल्यांची दुकानं ओळीने आहेत, त्यात अगदी शेवटी पत्र्याच्या शेडमध्ये हणमंत धोत्र्यांचं दुकान होतं. त्याला दुकान म्हणणं म्हणजे औदार्यच. पुढे पाटी नाही, काच नाही, बसायला कापलेल्या दगडांची चळत. धोत्रे साठीचे. दगड कापायच्या यंत्रापाशी उभं राहून त्यांच्या भुवयांवर पांढरी धूळ बसलेली असे, आणि त्यामुळे माणूस सदा आश्चर्यचकित झाल्यासारखा दिसे. प्रत्यक्षात त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

"लाटते बायको," मी म्हणालो.

"त्या कुठं हायत?"

"बँकेत. नोकरी आहे त्यांची. पण मी सगळी मापं घेऊन आलोय." मी नकाशा उलगडला. "लांबी नऊ फूट, रुंदी दोन, उंची तेहतीस इंच."

"तेहतीस कुणी सांगितलं?"

"स्टँडर्ड असते ती."

"कुणाचं?"

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. 'कुणाचं' हा प्रश्न वीस वर्षं मी पोरांना विचारत आलो होतो आणि उत्तर आलं नाही की खाली बसवत आलो होतो. इथे बसायला दगडच होते.

"आर्किटेक्टनी सांगितलं," मी म्हणालो.

"त्यांच्या घरात चपात्या कोण लाटतं?"

"ते नाही विचारलं."

"विचारायचं," धोत्रे म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

परत आले ते मला शेडच्या मागच्या भागात घेऊन गेले. तिथे तीन ओटे होते. सिमेंटच्या विटा रचून त्यांवर काळ्या दगडाची एकेक फळी टाकलेली, एक बुटका, एक मधला, एक उंच. प्रत्येकावर पोळपाट-लाटणं. मधल्यावर एक डबा, त्यात ओल्या फडक्याखाली मळलेली कणीक.

"तीस, तेहतीस, छत्तीस," धोत्रे म्हणाले. "बाईंना घेऊन या. तिन्हीवर येक येक चपाती लाटायची. खांदं कुठल्या ओट्यावर खाली राहत्यात ते मी बघणार आणि तीच उंची लिवणार. तोवर दगडाला पातं लावत न्हाई. खालचे उभे दगड येकदा कापले की वाढत न्हाईत, सर."

"सगळ्यांना हे करायला लावता?"

"सगळ्यांना. लई जण परत जात्यात. जाऊ द्या." मग जरा थांबून त्यांनी सांगितलं, "माझी आई डोक्यावर पाटं-वरवंटं घेऊन गावोगाव फिरायची. बाईला आधी पाट्याम्होरं बसवायची, ओल्या मिरच्या वाटायला लावायची. हात पोचतोय का, कंबर वाकतीया का, ते बघून मग पाटा द्यायची. कुणाचा नवरा म्हणाला, मी घेऊन जातो, तर म्हणायची, तू वाटणार हाईस का? मग गप बस."

मी गप्प बसलो. तिथून निघालो आणि माझ्या तक्त्यात धोत्र्यांना 'ग्राहकाशी वागणूक' या रकान्यात शून्य गुण दिले.

या तक्त्याबद्दल सांगायला हवं. ही गोष्ट २००४ सालची. बावीस वर्षं भाड्याच्या एकाच घरात काढून आम्ही विश्रामबागेत एक जुना फ्लॅट विकत घेतला होता. त्यातला स्वयंपाकघराचा ओटा इतका खचला होता की त्यावर ठेवलेला लिंबू आपोआप बेसिनकडे निघत असे. तेव्हा नवा ओटा करायचा ठरला आणि विश्वासू दगडवाला शोधायचं काम मी अंगावर घेतलं. घरातलं कुठलंही काम मी अंगावर घेतल्याची ती पहिली वेळ असावी. म्हणूनच मी ते संशोधनाच्या पातळीवर नेलं. सहा दुकानं, सात रकाने, प्रत्येकी दहा गुण.

पहिला आला होता रस्त्याच्या तोंडाशी असलेला एक झगझगीत शोरूमवाला. तिथे एसी होता, कॉफी होती, टाय लावलेला तरुण होता आणि "सर, हा ॲब्सोल्यूट ब्लॅक आहे, ॲब्सोल्यूट" असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तर्कशास्त्राच्या माणसाला निरपेक्ष असं काही क्वचितच मिळतं. मी भारावून गेलो आणि नमुन्याचा तुकडा पिशवीत घालून घेऊन आलो. तोच तुकडा मी धोत्र्यांना निघता निघता दाखवला होता. त्यांनी चिंधीवर थोडा थिनर ओतला, तुकड्यावरून दोनदा फिरवला आणि चिंधी माझ्यापुढे धरली. चिंधी काळी झाली होती. दगड करडा.

"रंगवलाय," धोत्रे म्हणाले. "दोन वर्सं लिंबू-चिंच सांडली की कळंल. माझ्याकडं येवढा काळा न्हाई. हाय तो असा हाय."

'सचोटी' या रकान्यात त्यांना दहापैकी दहा द्यावे लागले.

आता, एवढ्या तातडीने ओटा करायचं कारण. कारण एक पत्र होतं, आणि ते फ्रिजवर ठेवलेलं होतं.

कुंदा, माझी बायको, बँकेत अधिकारी होती. तिला शाखाधिकारी म्हणून बढती आली होती. हिंगोलीला. सांगलीहून हिंगोली म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. याआधी तिला दोनदा बढती आली आणि दोनदा तिने नाकारली. पहिल्या वेळी मुलगी लहान होती. दुसऱ्या वेळी माझी आई अंथरुणाला खिळली होती. आता मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात होती आणि आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिसऱ्या खेपेला घरात कारण म्हणून एकटा मीच उरलो होतो.

पत्रात लिहिलं होतं की संमती शनिवार दुपारपर्यंत कळवावी. तिसऱ्यांदा नकार दिला की नाव यादीतून कायमचं जातं, हे पत्रात लिहिलं नव्हतं. ते बँकेत सगळ्यांना माहीत होतं. कुंदाने काम शिकवलेली तीन पोरं तोवर शाखाधिकारी झाली होती. त्यातलं एक तर आता तिचाच साहेब होतं आणि अडचण आली की केबिनमधून बाहेर येऊन, "मॅडम, हे कसं करायचं हो?" असं हळूच विचारून जात असे.

मी तिला जाऊ नकोस म्हणालो नाही. मी सुशिक्षित माणूस आहे. मी म्हणालो, "तुझा निर्णय आहे." आणि दुसऱ्या दिवशी म्हणालो, "ओटा अगदी तुझ्या मनासारखा करू या."

या दोन वाक्यांत संबंध नव्हता असं मी त्या वेळी शपथेवर सांगितलं असतं.

बुधवारी संध्याकाळी मी तिला धोत्र्यांचा प्रकार सांगितला. ती तेव्हा भाड्याच्या घरातल्या ओट्यापाशी उभी राहून पोळ्या करत होती. कुंदाची उंची चार फूट नऊ इंच. घरमालकाचा ओटा कुणा दणकट बाईसाठी बांधलेला असावा. कुंदा पायाखाली पाट घेऊन लाटायची, आणि लाटताना तिचे खांदे कानांपर्यंत यायचे. बावीस वर्षं मी ते पाहत होतो आणि मला वाटत होतं, तिची उभी राहण्याची पद्धतच तशी आहे.

"दुकानात जाऊन पोळ्या लाटायच्या?" ती हसायला लागली. "आणि त्या खाणार कोण?"

"ते नाही विचारलं."

"एकवीस प्रश्नांत नव्हता का हा?"

"कुंदा, माणूस विक्षिप्त आहे, पण खरा आहे. शुक्रवारी तुला अर्धा दिवस घेता येईल?"

तिने तव्यावरची पोळी बोटांनीच उलटली. चिमटा तिने कधी वापरला नाही. "शुक्रवारी," ती म्हणाली, "घेते." मग लाटणं हातात तसंच धरून तिने विचारलं, "अहो, मी गेले तर तुम्ही जेवणाचं काय कराल?"

"माझं काय! मी काहीही खाईन. पाव खाईन. मेसमध्ये जाईन." मी हे इतक्या खचलेल्या आवाजात म्हणालो की मलाच माझी दया आली. "माझा विचार करू नकोस."

हे वाक्य कुणी म्हणालं की समोरच्याला दुसरा कसलाही विचार करता येत नाही. कुंदाने पाठ फिरवली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

"सहा महिन्यांपूर्वी तुम्ही चहा केला होता," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली.

"बरा झाला होता."

"गाळला नव्हता."

शुक्रवारी दुपारी आम्ही स्कूटरवरून धोत्र्यांकडे गेलो. कुंदा बँकेतून तशीच आली होती, खांद्याला पर्स, केसांत सकाळचा गजरा. धोत्र्यांची बायको शेवंताबाई कणकेचा डबा घेऊन मागे उभीच होती. धिप्पाड बाई, कपाळभर कुंकू. तिने कुंदाला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तीस."

"लाटू दे की आधी," धोत्रे म्हणाले.

"लाटा बाई. पन तीसच."

कुंदाने पदर खोचला. आधी उंच ओट्यावर उभी राहिली. ओटा तिच्या कोपरांच्याही वर आला. ती दोन्ही हात उचलून लाटायला लागली तेव्हा बँकेवर दरोडा पडलाय आणि हिला हात वर करायला सांगितलंय असं दिसत होतं. मधल्या ओट्यावर खांदे पुन्हा कानांपाशी. मग ती तीस इंचाच्या ओट्यापुढे गेली.

मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. तिने गोळ्यावर लाटणं ठेवलं आणि तिचे खांदे खाली आले. एवढंच झालं. पण बावीस वर्षांत मी तिची मान अशी पाहिली नव्हती. तिला मान आहे, बऱ्यापैकी लांब आहे, हे मला त्या शेडमध्ये कळलं. लाटणं सैल हातांखाली फिरत होतं आणि पोळी आपली आपणच गोल होत होती.  

"बगा," शेवंताबाई म्हणाली.

"किती छान वाटतंय हो," कुंदा म्हणाली. "पाठ दुखतच नाहीये."

मला वाटलं, जिंकलो. अगदी याच शब्दांत वाटलं. ओटा तिच्या मापाचा होणार, दगड न रंगवलेला असणार, तिची पाठ दुखायची थांबणार, आणि असा ओटा सोडून कुणी हिंगोलीला जात नाही. माझं सगळं प्रमेय पायरीपायरीने सिद्ध होत आलं होतं.

धोत्र्यांनी कानामागचा खडू काढला. त्यांच्यामागे दगडाचे लांब तुकडे भिंतीला टेकून उभे होते. आमच्या ओट्याचे पाय त्यांतूनच निघणार होते. त्यांनी एकावर टेप धरला, तिसावर बोट ठेवलं आणि कुंदाकडे वळून पाहिलं.

"बाई, येकदा इचारतो. सगळ्यांनाच इचारतो. ह्यो दगूड बसला की पंचवीस-तीस वर्सं हालत न्हाई. ह्या ओट्याम्होरं उभं राहणार त्ये तुम्हीच ना?"

साधा प्रश्न होता. कुठलीही बाई 'हो' म्हणाली असती. कुंदा हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिच्या हातात लाटणं होतं, आणि ती खडूकडे बघत होती. खडू दगडाला अजून लागायचा होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. बँकेत रोज खातेदाराची सही नमुन्याशी ताडून बघताना ती जसं बघत असेल, तसं ती टेपवरच्या त्या तिसाच्या आकड्याकडे बघत होती. आणि खांदे हळूहळू पुन्हा वर चालले होते. तोच ओटा, तीच उंची.

"बाई?" धोत्रे म्हणाले.

"लिहा," ती म्हणाली. "मीच."

तो आवाज मी ओळखत होतो. मुलीच्या वेळी ऐकला होता, आईच्या वेळी ऐकला होता. दोन्ही वेळा मी मान डोलावून वर्तमानपत्राकडे वळलो होतो. त्या शेडमध्ये वर्तमानपत्र नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "मी पण लाटून बघू का?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. धोत्र्यांच्या भुवया होत्या तिथेच होत्या.

"तुम्ही?" कुंदा म्हणाली.

"सगळ्यांना लाटायला लावतात म्हणे. मग मला का सूट?"

"बघा की सर," धोत्रे म्हणाले. "कणीक हाय, लाटणं हाय."

मी तिसाच्या ओट्यापुढे उभा राहिलो. माझी उंची पाच फूट अकरा. लाटायला वाकलो तर कपाळ समोरच्या पत्र्याला लागलं.

"हितं न्हाई, तिकडं," शेवंताबाईने मला दंडाला धरून छत्तिसाच्या ओट्यापुढे नेऊन उभं केलं. मी कणकेचा गोळा घेतला आणि दोन्ही हातांनी त्यावर जोर दिला. गोळा चपटा झाला आणि पोळपाटाला चिकटला. लाटणं उचललं तर कणीक लाटण्याबरोबर वर आली.

"पिठी!" कुंदा म्हणाली. "पिठी नाही लावली."

मी पिठी लावली. पुष्कळ लावली.

"एवढी नाही. अहो, पोळी आहे ती, पावडर कसली थापताय? हं. आता दाबू नका. नुसतं फिरवा."

"फिरत नाहीये."

"तुम्ही फिरू देत नाही आहात. हात सोडा. मनगट सोडा. असं नाही—" ती माझ्या बाजूला आली, पण तिथून तिचा हात पोळपाटापर्यंत नीट पोचेना. तेव्हा तिने नुसतं माझं कोपर धरलं आणि खालून हलवलं. लाटणं अर्धा वेढा फिरलं.

"फिरलं!" मी म्हणालो.

"फिरलं," ती म्हणाली.

तयार झालेल्या पदार्थाला तीन कोपरे होते, आणि चौथा होऊ घातला होता. एका बाजूने तो इतका पातळ होता की खालचा पोळपाट दिसत होता, दुसऱ्या बाजूने भाकरीच्या जवळपास. शेवंताबाईने तो उचलून उजेडाकडे धरला.

"बरी हाय की," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी पहिल्यांदा लाटली ती शेरडानं हुंगून सोडली."

"तुला काय करायचंय ते सांगून?" धोत्रे म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्या खांद्यांकडे होतं. "सर, पाठ दुखतीया?"

"नाही."

"खांदं?"

"नाही."

"मग छत्तीस तुमची उंची. पन इचारलं कशाला, ते काय कळंना." खडू त्यांच्या हातात तसाच होता. "मी लिवू काय? तीस का छत्तीस?"

इथे मी काहीतरी मोठं बोललो असतो तर या गोष्टीला शोभा आली असती. मी हाताला चिकटलेली कणीक खरवडत होतो. ती निघत नव्हती.

"छत्तीस," मी म्हणालो.

 कुंदा अगदी हळू म्हणाली, "अहो, छत्तिसावर माझा हात पोचत नाही."

"हो. बघितलं मी."

"मला तिथे काहीच करता यायचं नाही."

"नाही यायचं."

"पाट घेतला तरी."

"कुंदा, पाट वगैरे घेऊ नकोस." मी बोटावरची कणीक दुसऱ्या बोटाला लावली. "सुट्टीला येशील तेव्हा बसायला खुर्ची ठेवू या स्वयंपाकघरात. जागा आहे तेवढी. मोजलीय मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. शेवंताबाईने पदर तोंडाला लावला, आणि धोत्रे, ज्यांना काय चाललंय ते एव्हाना नक्की कळलं होतं, शेडच्या छताकडे बघत म्हणाले, "मग छत्तीस लिवतो. नंतर तक्रार चालायची न्हाई." त्यांनी खडूने दगडावर रेघ ओढली आणि बाजूला मोठा आकडा काढला. खडूचा आवाज फळ्यावरच्यासारखाच आला.

कुंदाने पर्स उघडली. पत्र फ्रिजवर असेल अशी माझी समजूत होती; ते आठवडाभर तिच्या पर्समध्येच होतं, फ्रिजवर होतं ते नुसतं पाकीट. तिने छत्तिसाच्या ओट्यावरची पिठी हाताने बाजूला सारली, कागद पसरला, पेन काढलं. पोळ्या लाटायला तो ओटा तिला अशक्य उंच होता. लिहायला मात्र बरोबर होता, बँकेच्या काउंटरएवढा. तिने उभ्याउभ्या 'संमती आहे' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

"आज शुक्रवार," मी म्हणालो. "उद्यापर्यंत मुदत आहे. घरी जाऊन शांतपणे—"

"गप्प बसा हो," ती म्हणाली. इतक्या प्रेमाने ते मला आधी कधी सांगितलं गेलं नव्हतं.

ती जून महिन्यात हिंगोलीला रुजू झाली. ओटा बसला जुलैत. धोत्रे स्वतः आले होते, पातळी बघायला. शेगडीखाली जोड येऊ दिला नाही, बेसिनचं भोक घरी येऊन पाडलं, आणि माझ्या एकवीसपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर न देता सगळी कामं चोख केली.

पुढच्या तीन महिन्यांत मी काय खाल्लं ते सांगत नाही. रोज रात्री आठला फोन यायचा. ती आधी बँकेतलं सांगायची. कर्जाच्या फायली किती तुंबल्यात, शिपाई कसा तिला 'साहेब' म्हणतो आणि मग जीभ चावतो. मग विचारायची, "आज कशी झाली?" मी म्हणायचो, "दोन कोपरे." एकदा म्हणालो, "एकच." त्या दिवशी पलीकडे बराच वेळ हसू चाललं होतं.

"आणि तू काय करतेस जेवायला?" मी एकदा विचारलं.

"डबा लावलाय."

"तू? डबा?"

"मग! मी इथे पोळ्या लाटायला आलेय का?"

दिवाळीत ती आली. रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी पोचली. पर्स खाली न ठेवताच स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापुढे उभी राहिली. ओटा तिच्या पोटाच्या बराच वर आला होता. तिने त्यावर दोन्ही तळवे टेकवले, एखाद्या परक्याच्या घरी टेकवावेत तसे, जपून.

"काळा आहे," ती म्हणाली.

"आहे तो असा आहे."

"मी चहा टाकू?"

"बस तू."

खुर्ची होती. ती बसली. मी कणीक आधीच मळून ठेवली होती. हे तिला दिसू नये म्हणून झाकली होती, पण तिच्या ते लगेच लक्षात आलं. मी पिठी बेताची लावली. लाटणं फिरू दिलं. दोनदा तिचा हात मांडीवरून उचलला गेलेला मी पाहिला, आणि दोन्ही वेळा तिने तो परत खाली ठेवला. पोळी तव्यावर टाकली. उलटली, चिमट्याने. फुगली नाही, पण एका बाजूने फुगायचा विचार तिने निश्चित केला होता. तव्यावरून काढली, तूप लावलं आणि थेट तिच्या ताटात टाकली.

बावीस वर्षं त्या बाईने आम्हाला तव्यावरून ताटात पोळी वाढली होती. मला, मुलीला, माझ्या आईला, येणाऱ्या-जाणाऱ्याला. आणि शेवटी ओटा पुसून ती जेवायला बसायची तेव्हा तिच्या वाट्याला डब्याच्या तळाची गार पोळी उरायची. हा साधा हिशेब तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला त्या सकाळी, तवा समोर असताना लागला.

कुंदाने तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि तोंड उघडं ठेवून हा-हा करत हवा आत ओढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं? कच्ची आहे का?"

तिने मान हलवली. "भाजलं," ती म्हणाली. "जीभ."

"पाणी देतो, थांब."

"पाणी नको," ती म्हणाली. ताट तिने दोन्ही हातांनी जरा जवळ ओढून घेतलं. "दुसरी टाका."